घरच्या घरी मिळणारा नकार

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: कोकण विभाग राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग. स्वतंत्र विभागीय मंडळ झाल्यापासून त्याने पहिला क्रमांक सोडलेला नाही. २०२४ मध्ये बारावीचा निकाल ९७.५१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९६.७४ टक्के. मी याच पट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि मला या निकालाचा अभिमान आहे. घराघरांतली शिस्त, पावसापाण्यात होडीने नाहीतर पायी शाळा गाठणारी मुलं, वर्ग न चुकवणारे शिक्षक, हे सगळं त्यामागे आहे. पण ही टक्केवारी किती मुलं नापास झाली नाहीत एवढंच सांगते. पुढे त्यांनी कुठे अर्ज केले ते तिच्यात दिसत नाही. आणि कुठे अर्ज केलेच नाहीत, ते तर कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

मला त्या न केलेल्या अर्जांबद्दल लिहायचं आहे. आयआयटी, विज्ञान शिकवणाऱ्या आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, राष्ट्रीय विधी विद्यापीठं, डिझाइन शिकवणारी अहमदाबादची एनआयडी. जिथे हजारोंतून थोडे निवडले जातात अशा या जागा. तिथे आपली मुलं कमी का, असा विषय निघाला की आपण लगेच क्लास नसण्यावर, इंग्रजीवर, शहरातल्या मुलांच्या तयारीवर येतो. ती कारणं खरी आहेत. पण त्यांच्याही आधी एक पायरी आहे. संस्थेने मुलाला नाकारायचं तर आधी मुलाने अर्ज करायला हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा नकार घरीच देऊन झालेला असतो, पडवीत, चहा पिता पिता, ‘आमका खंय जमतला’ एवढ्या वाक्यात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पोराला पुढे वाईट वाटू नये म्हणून आई-वडील ते बोलतात. शिक्षकही याच काळजीपोटी बोलतात. तरीही मी म्हणेन की हा नकार देणं आपलं काम नाही. ते काम ज्या संस्थेचं आहे तिने करावं. आपण अर्ज भरावा.

आपण फार मानी आणि फार भिडस्त आहोत, म्हणून असं होतं असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही, कारण हुबेहूब हीच गोष्ट अमेरिकेत सापडली आहे. कॅरोलिन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर एव्हरी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या हुशार पण गरीब घरच्या मुलांचा अभ्यास केला. गुण उत्तम असूनही यातली बहुसंख्य मुलं एकाही निवडक विद्यापीठात अर्जच करत नव्हती. मोठ्या विद्यापीठांनी दिलेली आर्थिक मदत धरली, तर घराजवळच्या साध्या कॉलेजपेक्षा तिथलं शिक्षण त्यांना स्वस्त पडलं असतं, तरीही. ज्यांनी अर्ज केले त्यांना प्रवेश मिळत होता आणि ती पदवीही पूर्ण करत होती. मग अर्ज न करणारी मुलं कोण होती? लहान गावांत विखुरलेली. त्यांच्या शाळेत त्यांच्यासारखी हुशार मुलं एक-दोनच. अशा विद्यापीठात शिकलेला एखादा शिक्षक किंवा पुढच्या वर्गातला एखादा मुलगा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. हे वाचताना मला मंडणगड, राजापूर, देवगड, दोडामार्ग डोळ्यांसमोर दिसत होते. वाड्या लांब लांब, शाळा लहान, आणि ‘मी तिथे जाऊन आलोय’ असं सांगणारं कोणी जवळ नाही.

त्यावर मिशिगन विद्यापीठाने काय केलं ते आपल्या जास्त उपयोगाचं आहे. २०१५ पासून त्यांनी राज्यातल्या गरीब घरच्या हुशार मुलांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. मुलाला पत्र, पालकांना पत्र, मुख्याध्यापकांनाही पत्र. मजकूर साधा होता: तुला प्रवेश मिळाला तर चारही वर्षं शिक्षणशुल्क लागणार नाही. जास्तीची मदत जवळजवळ काही नव्हतीच. यातल्या बहुतेक मुलांना नेहमीच्या योजनांतून तेवढी मदत मिळालीच असती. फक्त ती आधी, स्पष्ट शब्दांत, घरपोच सांगितली गेली. सुझन डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिणाम मोजला. पत्र न मिळालेल्यांत २६ टक्के मुलांनी अर्ज केला होता, पत्र मिळालेल्यांत ६८ टक्के मुलांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाणही दुपटीवर गेलं. मुलं तीच, गुण तेच, पैसेही जवळपास तेवढेच. बदललं होतं ते एक पत्र.

आता आपल्याकडे या. आयआयटीचं नाव काढलं की पालकांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि तो रास्त आहे. शिक्षणशुल्क वर्षाला दोन लाख रुपये आहे. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. पुढचं कोणाला माहीत नसतं: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. एक ते पाच लाखांच्या मध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्नाची अट न लावता पूर्ण माफ. वसतिगृह आणि मेसचा खर्च वेगळा येतो, तो विसरून चालणार नाही. पण आंब्याची दहा-वीस कलमं असलेला, मे महिन्यात पेट्या भरून वर्ष काढणारा शेतकरी, किंवा हर्णै-मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटीवर जाणारा खलाशी यांच्या घरात दोन लाखांचा आकडा ऐकून जो विषय संपतो, तो खरं तर सत्तर हजारांच्या आतल्या आकड्याचा किंवा शून्याचा असतो. सांख्यिकी संस्थेत तर बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या पदव्यांच्या मुलांकडून शिक्षणशुल्क घेत नाहीत, उलट विद्यावेतन देतात. आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या जुलैत आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ केलं, त्यामुळे राज्यातल्या चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचं गणितही बदललं आहे.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा तयार केल्या आणि २०२० पर्यंत मुलींचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरवलं. या जागा मुलांच्या जागा कमी करून दिलेल्या नाहीत, वाढवून दिलेल्या आहेत. परीक्षेचं शुल्कही मुलींना कमी आहे. तरी ‘मुलगी हुशार आहे, पण एवढ्या लांब...’ हे अर्धं वाक्य मी फार ऐकते, आणि उरलेलं अर्धं कोणी बोलत नाही. लांब म्हणजे किती, हे एकदा मोजून बघावं. मुंबईची आयआयटी पवईला आहे. तिचं जवळचं स्टेशन कांजूरमार्ग. पलीकडे भांडुप, विक्रोळी. कोकणातली किती घरं या तीन स्टेशनांच्या आसपास चाळींत आणि झोपड्यांत पिढ्यान्पिढ्या राहिली! आपला मामा, आपले काका रोज तिथूनच लोकल पकडतात. ती संस्था १९५८ ची आहे. जी जागा आपल्या नातेवाइकांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे तिला आपण लांबची म्हणतो, कारण तिथे आपल्यातलं कोणी आत गेलेलं नाही.

‘पण मिळणार आहे का?’ हा दुसरा प्रश्न. २०२४ मध्ये जेईई मेनला, म्हणजे आयआयटीच्या वाटेवरच्या पहिल्या परीक्षेला, सुमारे १४ लाख मुलं बसली. त्यातल्या अडीच लाखांना पुढच्या, म्हणजे अॅडव्हान्स्ड परीक्षेची दारं उघडतात. त्या वर्षी १ लाख ८० हजारांच्या आसपास मुलं त्या परीक्षेला बसली, आणि २३ आयआयटींमध्ये जागा होत्या १७,७४०. म्हणजे ऐंशीत एक. हे ऐकलं की घर गप्प होतं. मात्र ऐंशीत एक ही तुमच्या मुलीची शक्यता नाही. ही काही चिठ्ठ्या टाकून काढायची सोडत नव्हे. चौदा लाखांत काहीच तयारी न केलेली मुलं आहेत, घरच्यांनी बळेच बसवलेली आहेत, दोन-तीन वर्षं रात्रंदिवस घासलेलीही आहेत. तुमचं मूल यांत कुठे बसतं ते सरासरी सांगू शकत नाही. जुनी प्रश्नपत्रिका सांगू शकते. अॅडव्हान्स्डच्या मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर फुकट आहेत. एखाद्या रविवारी सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास असं घड्याळ लावून बसावं. त्यातून जे कळतं ते कोणत्याही शेजाऱ्याच्या मतापेक्षा खरं असतं.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक वर्षी वर्गात समजावते, कारण बोर्डाच्या गुणांची सवय लागलेली आपली मुलं याच ठिकाणी मागे फिरतात. दहावीला ९५ टक्के घेतलेली मुलगी सराव परीक्षेत ३६० पैकी ९० घेते आणि रडत वही मिटते. तिच्या लेखी ही नापास होण्याची पातळी आहे. प्रत्यक्षात २०२३ मध्ये सर्वसाधारण गुणवत्ता यादीत येण्यासाठी ३६० पैकी ८६ गुण पुरले होते, २०२४ मध्ये १०९ लागले. यादीत येणं म्हणजे जागा मिळणं नव्हे, हवी ती शाखा मिळवायला पुष्कळ जास्त गुण लागतात. पण पंचवीस टक्के म्हणजे आपण नालायक, हा समज या परीक्षेला लागू नाही. तो पेपर मुद्दामच तसा काढतात की बहुतेकांना बहुतेक येऊ नये.

भाषेची अडचण मात्र खरी आणि मोठी आहे. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, नीट मराठीत देता येते. अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजीत आणि हिंदीत होते. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेल्या मुलाला अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकं येतात आणि पहिलं वर्ष शब्दांशी झगडण्यात जातं. ही उणीव मुलाची नाही, आणि एवढी मोठी परीक्षा देशातल्या बहुतेक मातृभाषांना बंद ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ते बदलेपर्यंत शाळांनी आठवी-नववीपासून विज्ञान-गणिताचे इंग्रजी शब्द मराठी शब्दांच्या जोडीने शिकवावेत. त्याला नवी इमारत लागत नाही की अनुदान लागत नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझं कोचिंगवाल्यांशीही पटत नाही आणि ‘कशाला हवंय’ म्हणणाऱ्यांशीही, तो. अर्ज करणं आणि त्यासाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये ओतणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. आपण ते एकच समजतो. जाहिराती करणाऱ्यांनाही आपण ते एकच समजावं असं वाटतं. जेईई मेनचा अर्ज हजार रुपयांच्या आसपास होतो. दोन वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स काही लाखांत जातो. पहिला निर्णय जवळजवळ प्रत्येक इच्छुक, अभ्यासू मुलाने घ्यावा असं मला वाटतं. दुसरा फार थोड्यांनी घ्यावा, आणि कर्ज काढून तर कोणीच नाही. बाग अनेक वर्षांच्या कराराने देऊन किंवा महामार्गालगतची जमीन विकून मुलाला परजिल्ह्यातल्या क्लासला पाठवणारी घरं मला माहीत आहेत. त्या मुलाच्या पाठीवर सोळाव्या वर्षी बागेचं ओझं असतं. त्याला नापास होण्याची मुभाच उरत नाही.

त्याचा शेवट कुठे होऊ शकतो ते आपण वाचलं आहे. एकट्या कोटा शहरात २०२३ मध्ये वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं. इंटिग्रेटेड नावाच्या व्यवस्थेत मूल कागदावर एका महाविद्यालयात असतं आणि दिवसभर दुसरीकडे बसतं. प्रयोगशाळा नाही, मैदान नाही, गणपतीची सुट्टीही कापलेली. प्रयोग न करता भौतिकशास्त्र शिकलेलं मूल मला पाहवत नाही, मग ते कुठल्याही यादीत येवो. म्हणून माझं म्हणणं असं की अर्ज करा, आपल्याच महाविद्यालयात राहून नेटाने तयारी करा, पाठ्यपुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका कोळून प्या, पण घर गहाण टाकू नका. नाही जमलं तर राज्याची सीईटी आहेच, तिचा अभ्यास यातच होतो.

कोकणातल्या मुलांची एक अडचण परीक्षा ठरवणाऱ्यांच्या लक्षात येण्यासारखी नाही. जेईईचं दुसरं सत्र एप्रिलमध्ये असतं, सीईटी एप्रिल-मेमध्ये, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी आणि अॅडव्हान्स्ड मेमध्ये. हेच हापूसचे दिवस. झेला घेऊन आंबा उतरवणं, निवडणं, अढी घालणं, पेट्या भरून पहाटेच्या गाडीला देणं, यात घरातल्या प्रत्येकाचे हात लागतात. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांचा हंगामही तेव्हाच असतो. निसर्ग आणि तौक्ते या २०२० आणि २०२१ च्या वादळांनंतर ज्यांची कलमं मोडली, त्यांना चांगला हंगाम सोडणं परवडत नाही हे मी समजू शकते. तरी त्या दीड महिन्यात एका मुलाचे हात सोडवता येतील का, एवढा विचार घराने करावा. ही गुंतवणूक कोणत्याही क्लासच्या फीपेक्षा जास्त फळते, आणि त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

आणखी एक. निवडक संस्था म्हणजे फक्त आयआयटी असं धरून चालल्याने आपली कितीतरी मुलं चुकीच्या दारात उभी असतात. ज्याला यंत्रांपेक्षा जीवशास्त्र आणि गणित दोन्ही आवडतं त्याने आयसरची परीक्षा द्यावी. देशात सात आयसर आहेत, जवळची पुण्याला. तिची प्रवेशपरीक्षा जीव, रसायन, भौतिक आणि गणित अशा चारही विषयांची, अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावरची, तीन तासांची असते. जेईईइतका स्वतंत्र कोचिंगचा बाजार तिच्याभोवती नाही, आणि नीट किंवा जेईई करणाऱ्याला वेगळी तयारी थोडीच लागते. माझ्या मते आपल्या मुलांसाठी हे सगळ्यांत दुर्लक्षित दार आहे. ज्याला गणितच प्रिय आहे, लांबलचक सिद्धता लिहायला ज्याचा हात शिवशिवतो, त्याने सांख्यिकी संस्थेचा पेपर एकदा उघडून पाहावा.

परदेशी विद्यापीठांबद्दल थोडक्यात. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरात चारपेक्षा कमी अर्जदारांना प्रवेश मिळतो आणि तिथे गुणांखेरीज निबंध, शिफारसपत्रं, मुलाने केलेली कामं असं बरंच पाहतात, त्यामुळे जुना पेपर सोडवून अंदाज घेता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या विद्यापीठांत परदेशी मुलाच्या घरची परिस्थिती न बघता प्रवेश ठरतो आणि मग गरजेइतकी मदत देतात. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. हे समजून ज्याला करायचं त्याने जरूर करावं. मात्र अर्जांवर एक अख्खं सत्र जातं, आणि ते बारावीचं असतं.

आणि ज्याचा जीव खरोखर झाडांत किंवा समुद्रात आहे, त्याने नावाच्या मागे लागून संगणकशाखेचा अर्ज भरूच नये. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं आहे. नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आणि तिच्यातून जवळजवळ बिनकोयीचा सिंधू आंबा, काजूच्या वेंगुर्ला जाती, हे सगळं इथल्याच संशोधन केंद्रांतून आलं. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. फळझाडांवर काम करू इच्छिणाऱ्या मुलाला दापोली ही दुय्यम जागा नव्हे, योग्य जागा आहे. अर्ज करावा की नाही, याचं पहिलं उत्तर मुलाच्या आवडीतून यायला हवं. ज्याला नकोच आहे त्याला संस्थेचं नाव दाखवून ढकलणं, हा मला घरच्या नकाराइतकाच अन्याय वाटतो.

ज्या आक्षेपाचं मला खरंच वाईट वाटतं तो असा: हुशार मुलं गेली की परत येत नाहीत. घरं बंद होतात, पाटावरचा गणपती बसवायला वर्षातून एकदा माणसं येतात. म्हणून कशाला पाठवायचं? मी स्वतः गावात राहिलेली बाई आहे. बंद दारांचं दुःख मला कोणी शिकवायला नको. पण अर्ज न भरून कोणी गावात राहिलेलं मी पाहिलेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथली माणसं बोटीने मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या तरी जाणं थांबलं नाही. आज ती लोटे-परशुरामच्या कारखान्यांत कंत्राटावर, गोव्याच्या हॉटेलांत, ठाणे-डोंबिवलीच्या दुकानांत जातात. जायचंच आहे तर कोणत्या दारातून जायचं, एवढंच आपल्या हातात आहे. शिकून गेलेल्याला परतीची वाट तरी निवडता येते. कंत्राटावर गेलेल्याला सुट्टीसुद्धा निवडता येत नाही.

आणि याच मातीतून फार अवघड दारांवर लोकांनी थापा मारल्या आहेत. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुलगा असताना एका परीक्षेसाठी शंभर मैलांहून अधिक चालत, घाट चढून साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ते परत आले, पुढे पुन्हा परीक्षेला बसले, १८८४ मध्ये मुंबईत गणित घेऊन पदवीधर झाले, १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे, कर्व्यांच्या नात्यातले रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले, असे पहिले भारतीय. हे दोघं एकाच परिसरातले आणि एकाच नात्यातले असणं मला योगायोग वाटत नाही. एक जण पुढे गेलेला होता, म्हणून दुसऱ्याला वाट माहीत झाली.

मंडणगडजवळचं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, त्या बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. त्यांची बुद्धी आणि जिद्द त्यांची स्वतःची. पण मॅट्रिकनंतर कॉलेजची फी भरणं कठीण झालं, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकाने त्यांना सयाजीराव महाराजांपुढे नेलं आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. केळूसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. एका शिक्षकाला कोणतं दार कुठे आहे हे माहीत होतं, आणि मुलाला घेऊन तिथे जाणं हे त्याला आपलं काम वाटलं. प्रत्येक मूल आंबेडकर होत नाही, व्हायला हवं असंही नाही. पण केळूसकरांनी जे केलं ते करायला असामान्य बुद्धी लागत नाही. ते प्रत्येक शाळेत होऊ शकतं.

नकार आला तर? बहुतेकांना तो येणारच, हे आधीच सांगायला हवं. याबाबत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास मला धीराचा वाटतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयांत गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी पाहिली. ज्यांनी सारख्याच ठिकाणी अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार-नकार मिळाले, त्यांच्यात अधिक निवडक ठिकाणी गेलेले आणि न गेलेले यांच्या कमाईत सरासरी फरक दिसला नाही. अर्ज करण्याची उमेद ज्या मुलांत होती, ती उमेद पुढे कामी येत राहिली. याला अपवाद होता तो गरीब घरच्या मुलांचा. त्यांना निवडक संस्थेत गेल्याचा खरा फायदा झाला. तिथली परिस्थिती आणि आपली एक नव्हे, आपल्याकडे संस्थेच्या नावाचं वजन नोकरीत जास्तच पडतं. पण दोन्ही निष्कर्ष आपल्या मुलांच्या बाजूचे आहेत: ज्याच्या घरी पैसा नाही त्याने तर अर्ज करायलाच हवा, आणि ज्याला नाही म्हटलं त्याचं भविष्य त्या दिवशी ठरत नाही.

नकार झोंबतो तो बहुतेक वेळा चारचौघांत झाल्यामुळे. म्हणून अर्ज भरल्याचं वाडीभर सांगू नये. निकालाआधी फलक नकोत, व्हॉट्सअॅपच्या गटावर अभिनंदन नको. घरातल्या चार माणसांना आणि एका शिक्षकाला माहीत असलं की पुरे.

आता शाळा-महाविद्यालयांनी काय करायचं ते. मिशिगनचं पत्र आपण लिहू शकतो. अकरावीच्या निकालावरून विज्ञान, कला, वाणिज्य तिन्ही शाखांतल्या मुलांची यादी काढावी आणि मुख्याध्यापकांच्या सहीने घरी पत्र पाठवावं, पालकांच्या आणि मुलाच्या दोघांच्या नावाने, मराठीत. या मुलाने किंवा मुलीने अमुक ठिकाणी अर्ज करावा असं आम्हाला वाटतं. तुमच्या उत्पन्नात तिथे इतकं शुल्क पडेल. अर्जाला इतके पैसे लागतात आणि तेवढ्याचीही अडचण असेल तर या शिक्षकांना फोन करा. सोबत कागदपत्रांची यादी, कारण तिथे आपली मुलं हमखास अडकतात. ओबीसी नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या यादीप्रमाणे आणि केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. तो आणि ईडब्ल्यूएसचा दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. सामायिक सातबाऱ्यावर पंचवीस नावं असली आणि निम्मी जमीन कातळ असली, तर ईडब्ल्यूएससाठी जमिनीचा हिस्सा दाखवायला तलाठ्याकडे किती खेपा होतात ते इथल्या माणसाला सांगायला नको.

हे पत्र गणपतीआधी घरी पोचायला हवं. जेईईचे अर्ज अलीकडे ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात बंद होतात, आणि कोकणातल्या घरात मोठे निर्णय होतात ते गणपतीत, मुंबईची माणसं आल्यावर. भांडुपचा काका घरी असताना पत्र समोर असलं तर पवई किती लांब, राहायची सोय काय, याची उत्तरं तोच देईल. आमच्याकडे आम्ही यंदाची यादी करायला घेतली आहे. मुलींची पत्रं आधी टाकायची असं ठरलं आहे, कारण त्यांच्या घरचा निर्णय सगळ्यांत लवकर होऊन जातो.